केस गळले नाहीत म्हणून

कॅन्सरच्या औषधानं केस जातात, हे आमच्या ह्यांना पक्कं ठाऊक. ह्यांच्या केशकर्तनाच्या दुकानात तशी गिऱ्हाइकं पाहिलेली. म्हणून फुप्फुसात गाठ निघाली आणि डॉक्टरीणबाईंनी गोळी लिहून दिली, तेव्हा ह्यांनी ती सुरू करायच्या आदल्या दिवशीच स्वतःच्या डोक्यावर वस्तरा फिरवला. म्हणाले, "औषधाला कशाला त्रास?"

पण केस परत आले, तेही चांगले दाट. वर तोंडभर पुळ्या उठल्या, वयात आलेल्या पोरासारख्या. गिऱ्हाइकं खुर्चीत बसायला कचरू लागली.

"गोळी बनावट आहे," एका सकाळी हे म्हणाले. "जिला केस हलवता येत नाहीत, ती गाठ काय हलवणार?"

झालं. गोळी बंद. मी भांडले, अबोला धरला, शेवटी हात धरून दवाखान्यात नेलं.

बाईंनी सगळं ऐकलं. हसल्या नाहीत.

"काका, सलाइनमधून देतात ते औषध भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना मारतं. केसांची मुळंही त्यात सापडतात. तुमच्या गाठीचा तुकडा तपासला, त्यात एक ठरावीक बिघाड निघाला. ही गोळी तेवढाच धरते."

"मग माझ्या तोंडानं काय घोडं मारलंय?"

"गाठीला वाढवणारा जो खटका गोळी बंद करते, तसाच कातडीतही असतो. मलम देते. त्रास झाला तर मला सांगायचं. मनानं बंद केलीत तर गाठीला रान मोकळं."

ह्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "म्हणजे सगळं डोकं भादरायचं नाही, एकच पांढरा केस हुडकून उपटायचा."

"तसंच समजा."

"तो पुन्हा उगवतो, बाई."

"उगवू शकतो. तेव्हा दुसरी गोळी शोधू."

मला वाटलं, आता पुन्हा अडून बसणार. पण खरं उत्तर मिळालं की हे ऐकतात. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी स्वतःच गोळी घेतली.

पुढच्या तपासणीत गाठ निम्मी झाली होती. गेली नव्हती, दबली होती. गोळीनं पापण्यांचे केस मात्र लांब वाढले, डोळ्यांत टोचू लागले. बाईंना विचारून मी ते कापायला बसले.

"कात्री आडवी धर. आडवी! कोणी शिकवलं तुला?"

"बोलू नका. बोललात की हलता."

"टोक डोळ्यात घालशील."

"मिटा डोळे," मी म्हटलं. त्यांनी मिटले.