लांबच्या गावाची मूठ

वैदेहीने फोनवरून शेंगाचटणी विकायला सुरुवात केली तेव्हाच मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. टपालखर्च म्हणून पोस्ट जेवढं घेईल तेवढंच गिऱ्हाइकाकडून घ्यायचं, वर एक रुपया नाही. त्यामागे एक टोपडं होतं. बाळंतपणात तिने लेकीसाठी, काव्यासाठी, कुठूनसं टोपडं मागवलं, तर टोपड्यापेक्षा टपालच महाग. आणि पाकिटावर चिकटलेल्या पावतीत खरा आकडा त्याच्या निम्माही नव्हता. तो राग तिच्या मनातून गेलाच नाही. चटणी तिखट असावी, व्यवहार तिखट नसावा, असं ती नवऱ्याला म्हणायची.

नवरा अजिंक्य कॉलेजच्या ऑफिसात कारकून. तो हसायचा, पण खोकी तोच आणून द्यायचा. चटणी मात्र सासूबाईंची. बजाबाई मूळच्या केम गावच्या. दाणे खमंग भाजायचे आणि उखळात लसूण-तिखट घालून तेल सुटेपर्यंत कांडायचे, मिक्सरला हात लावायचा नाही. त्यांच्या मुसळाचा ठेका सुरू झाला की पाळण्यातली काव्या पाय हलवायची.

वैदेहीने एक पुडी खोक्यात घालून पोस्टात नेली, वजन करून घेतलं. चारशे ग्रॅमची पुडी खोक्यासकट अर्ध्या किलोच्या जरा आत बसत होती. अर्ध्या किलोपर्यंत एक दर, त्यावर गेलं की पुढचा, आणि गाव जितकं लांब तितका दर चढा. तिने जवळच्या नि लांबच्या गावांचे आकडे विचारून घेतले आणि तसेच फोनवरच्या आपल्या विक्रीच्या पानावर टाकले. लोकांना आवडलं. मागणी वाढली.

पण पोस्टाच्या खिडकीशी काहीतरी बिनसायला लागलं. पुणे, लातूर नीट जायचं. डेहराडून किंवा गुवाहाटी आलं की काटा अर्ध्या किलोच्या पलीकडे. घेतलेलं टपाल एक, भरायचं दुसरं, आणि लांबचा फरक म्हणजे थोडाथोडका नव्हे. दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून ती मुकाट्याने पदरचे घालायची. आणि पदरात होतं काय? बाळंतपणाआधी सात रस्ता चौकाजवळच्या साड्यांच्या दुकानात ती हिशेब लिहायची. मालकाने तिची जागा दसऱ्यापर्यंत धरून ठेवली होती. धंदा स्वतःच्या पायावर उभा राहिला नाही तर पुन्हा तिथे, दुकान उघडल्यापासून शटर पडेपर्यंत. आठ महिन्यांची काव्या तेवढ्यात उठून, हसून, झोपूनही गेलेली असायची.

तिने आधी वाण्याकडून आणलेल्या काट्यावर संशय घेतला, मग खोक्यावर, मग तेलावर. अजिंक्य म्हणाला, टपाल किमतीतच मिसळ आणि वर लिही, घरपोच फुकट. ती म्हणाली, म्हणजे एका खोक्यात दोन पुड्या नेणाऱ्याने टपाल दोनदा भरायचं? आणि त्याला फुकट म्हणायचं?

चोर सापडला तो एका दुपारी. कामाची वाटणी ठरलेली होती. वैदेही चटणी तोलून पिशवीत भरायची, खोक्यावर पत्ता लिहायची. मग ती काव्याला पाजायला आत गेली की बजाबाई पिशवीचं तोंड बांधायच्या. त्या दिवशी काव्या दोन घोटांत झोपली आणि वैदेही दारात येऊन उभी राहिली.

बजाबाईंनी खोक्याकडे पाहून हाक मारली, "वैदे, ही कुटं चाललीया?"

"इटानगर, आत्या. अरुणाचलला. चीनच्या हद्दीकडं."

"आगं बया. लई लांब हाय की," त्या पुटपुटल्या. त्यांनी परातीतली चटणी मूठभर उचलली, पिशवीत घातली, जरा विचार केला आणि अजून चिमटीभर घातली. "तितं त्या लेकराला परत कवा घावायची."

लातूरच्या पुडीत नुसती चिमूट पडली. लातूर काय, हाकेवर.

वैदेहीला हसू आलं आणि त्याच क्षणी हिशेबही लागला. जिथलं टपाल सगळ्यांत महाग तिथेच मूठ सगळ्यांत मोठी. आणि याच मुठीबद्दल तर लोक लिहीत होते, की तुमच्या पुडीत दिलेल्या मापापेक्षा जास्त निघतं, घरची आठवण आली. ही मूठ थांबवा, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिने सांगितलं, जमेल तेवढं हळू. दर कसा चढतो, फरक कोण भरतं, दसऱ्याला काय होणार. बजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पदराने परात पुसली.

दुसऱ्या दिवशी पुड्या कोरड्या, वरच्या मुठीशिवाय बांधल्या गेल्या. एका पिशवीवर त्यांचा हात सवयीने गेला, तिथेच थांबला आणि परत आला. वैदेहीने मान वळवली. त्या दिवशीचं वजन चोख भरलं, पण तिला ते गोड लागलं नाही.

संध्याकाळी बजाबाई काव्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अचानक म्हणाल्या, "माजी आय केमच्या बाजारात श्यांगा इकायची. शेजारणीची मापं मोटी, आयचं बारकं. पैसं बी त्या मापानंच घ्यायची. पर मूठ अशी घालायची की बास. गिऱ्हाईक आयकडंच यायचं."

वैदेहीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"तू माप उतरव. त्याचं पैसं बी उतरव, लबाडी नगं. मूठ तेवढी ऱ्हाऊ दे."

इतकी सरळ गोष्ट, पण ती सुचायला बाजारात आईच्या पाठीशी बसलेलं लेकरूच असावं लागतं, असं वैदेहीला वाटलं. तिने त्या खरबरीत हाताकडे नव्याने पाहिलं. देण्याचा हिशेब त्या हाताला किती आधीपासून येत होता.

तिने पानावर आडपडदा न ठेवता लिहिलं : पुडी आता साडेतीनशे ग्रॅमची, किंमत त्याप्रमाणे कमी, टपाल पोस्ट घेईल तेवढंच. मग फोन दोन दिवस गप्प. तिने दुकानाच्या मालकाचा नंबर काढून समोर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी इटानगरहून निरोप आला. तिथल्या शाळेत शिकवणाऱ्या इंद्रायणी यांनी विचारलं होतं, अजून एक पाठवा, पुडी लहान झाली हरकत नाही, वरचं ते अजून असतं ना?

वैदेहीने मोठ्याने वाचून दाखवलं. बजाबाई परातीकडे सरकल्या. त्या दिवशी मूठ जरा जास्तच भरली.

म्हणून पोस्टाच्या खिडकीशी इटानगरचं खोकं ठेवताना वैदेहीने काट्यावरून नजर हलवली नाही. काट्याचे आकडे चढले, अर्ध्या किलोच्या काठाशी आले आणि तिथेच थबकले. पलीकडच्या बाईंनी रक्कम सांगितली. पानावर लिहिली होती तीच. फोनवर तोवर जुन्या गिऱ्हाइकांच्या आणखी मागण्या येऊन पडल्या होत्या.

परतताना ती सात रस्त्यावर थांबली, दुकानात गेली आणि मालकांना सांगितलं की माझ्यासाठी जागा अडवू नका, दुसरं कुणी बघा. ते म्हणाले, चटणी पाठवा मग. ती म्हणाली, तुम्हाला टपाल नाही लागणार.

घरी काव्या आजीच्या खांद्यावर लाळ गाळत होती. बजाबाईंनी फक्त भुवया उचलल्या.

"बसलं, आत्या. बरोब्बर बसलं."

"व्हय?" त्या म्हणाल्या, आणि पुढचं खोकं पायाने जवळ ओढलं. "मग ही कुटं चाललीया?"

"बार्शीला."

"हितंच की," बजाबाई म्हणाल्या आणि दोन बोटांत मावेल एवढी चिमूट उचलली.