आदल्या दुपारची तार

अडुसष्टचा पूर ओसरला तेव्हा तापीकाठच्या आमच्या अख्ख्या आळीत कोरडं धान्य एकाच घरात होतं, हस्तीमल शेठच्या. पाणी शिरायच्या आदल्या दुपारीच त्यांनी पोती माळ्यावर चढवली होती, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. नदीच्या वरच्या अंगाला, भुसावळला, त्यांचे व्याही राहतात. तिकडून तार आली असणार आणि मेल्यांनी ती दाबून ठेवली!

चिखल तुडवत मी त्यांच्या ओट्यावर गेले. शेठाणी सूरजबाई सगळ्यांना खिचडी वाढत होत्या. मी पातेलं पुढे केलंच नाही.

"अक्का, खरं सांगा, तार उनी व्हती ना?"

"कसली तार, मंदाबाई? आम्हा जैनांचा चौमासा चालू आहे. जीव चिरडू नये म्हणून आम्ही जमीन बघून पाय टाकतो. त्या दुपारी मुंग्या तोंडात अंडी धरून माळ्याकडे निघाल्या. त्यांच्यामागे आम्हीही सामान चढवलं. तुमच्याकडे नाही का निघाल्या?"

निघाल्या होत्या. चुलीमागच्या भिंतीवर ही लांब रांग. मी डीडीटीची अख्खी पुडी त्यांच्यावर ओतली होती.