दोन्ही तोंडांवरचे मणी

डोंगरावरून उतरणारा गरम फ्योन वारा सुटला की झ्युरिकमध्ये अर्ध्या गावाचं डोकं दुखतं आणि उरलेलं अर्धं गाव त्या अर्ध्याशी भांडत बसतं. उर्सिना काडुफचं डोकं दुखत नव्हतं, पण सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. त्यात वाऱ्याचा काही दोष नव्हता.

दोष होता मण्यांचा. कांद्याच्या मुळातल्या पेशींच्या पडद्यावर तिला मण्यांच्या ओळी दिसल्या होत्या, कोणी कधी न पाहिलेल्या. तिचे प्रोफेसर हेफ्टी निवृत्तीला टेकलेले. ते इतके हुरळले की गावभर सांगून मोकळे झाले. उद्या बाझेलच्या सभेत ते हे मणी दाखवणार होते, आणि उर्सिनाचा प्रबंधही या मण्यांवरच उभा होता. बाजारात तुरी म्हणतात, त्यातलीच गत.

तिला धास्ती होती हिमाची. मुळाचा कण द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा, हवा काढून घेतलेल्या पेटीत तो मोडायचा, आणि मोडलेल्या तोंडावर एका बाजूने प्लॅटिनमचा तिरका फवारा मारायचा. मग कण ब्लीचमध्ये विरघळवून टाकायचा. उरतो तो पातळ साचा, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो तेवढाच. पण पेटीत जराशी वाफ राहिली तर ती त्या थंडगार तोंडावर दाणेदाणे होऊन गोठते, आणि ते दाणे हुबेहूब मण्यांसारखे दिसतात. भल्याभल्यांनी ते शोध म्हणून मिरवले होते.

खरं-खोटं करायला एक उपाय होता. कण पुस्तकासारखा उघडून दोन्ही तोंडांचे साचे घ्यायचे. खरा मणी एका तोंडावर उंच असेल, तर समोरच्या तोंडावर त्याचा खळगा हवाच. हिम मात्र दोन्हीकडे उंच. ते साचे तिने काल घेतले होते, आणि त्यांचे फोटो आता वाळत होते.

"बस की गं जरा," शेजारच्या, पातळ काप काढायच्या यंत्रावरून तिच्याबरोबरचा विद्यार्थी रेटो म्हणाला. "तुझ्या येरझाऱ्यांनी माझा चाकू हलतोय."

"तो हलतोय तुझ्या कालच्या बिअरने."

"असेल. पण फोटो ओले असताना उचलू नकोस, माझे आई."

तिने उचललेच. घाईघाईने कापून दोन्ही तुकडे पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी चिकटवले. फवारा कुठून आला आणि फोटो कसा धरायचा ते सांगणारा बाण प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात असतो, उजव्या फोटोवरचा कात्रीत गेला. तिचं लक्षच नव्हतं. डावीकडे मणी होते, उजवीकडे खळगे. पुठ्ठा घेऊन ती हेफ्टींच्या खोलीकडे धावली.

हेफ्टींनी तिच्या हातातला पुठ्ठा पाहिला आणि कपाटातून पांढऱ्या वाइनची बाटली काढली. दोघं टेबलाशी समोरासमोर बसली, मध्ये पुठ्ठा.

"आता ते 'हेर प्रोफेसर' आणि 'तुम्ही' पुरे झालं," ते म्हणाले. "मी मेल्खिओर."

"उर्सिना."

डोळ्याला डोळा देऊन दोघांनी पेले भिडवले; एकमेकांना 'तू' म्हणू लागायची तिथली ही रीत. इतक्या वर्षांत ते तिला कधी 'फ्रॉयलाइन काडुफ, तुम्ही' सोडून बोलले नव्हते.

"छान जमलंय बघ. एकीकडे मणी, एकीकडे खळगे." त्यांनी तिच्या उजवीकडच्या फोटोच्या कडेला बोट टेकवलं. "आणि हा बर्फाचा खडा वरून पडलेला दिसतोय. काय फुगून बसलाय लबाड."

उर्सिनाने पाहिलं. तिला तिथे खड्डा दिसत होता.

वरून पडलेला खडा खड्डा कसा होईल? ती उठली आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. इथून खडा खरंच फुगलेला होता. आणि त्याच फोटोतले सगळे खळगे आता मणी झाले होते. दुसऱ्या फोटोतले मणी मात्र खळगे. असा एका बाजूने सावल्या पडलेला फोटो उलटा धरला की डोळा फसतो, उंच ते खोल दिसतं, हे ती पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवत असे. डाव्या फोटोवरचा बाण शाबूत होता; उजवा, खड्याचा फोटो मात्र तिने उलटा चिकटवला होता. तो सुलटा केला की दोन्ही तोंडांवर मणीच.

म्हणजे हिम.

खडा अगदी कडेला होता. बोटभर पट्टी कापली असती तर कुणाला काही कळलं नसतं, आणि कात्री टेबलावरच पडली होती. म्हाताऱ्याच्या मानेवर नुकतीच केस कापून घेतल्याची गोरी रेघ होती, उद्यासाठी. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्यांची फार दया आली.

"मेल्खिओर," ती म्हणाली. नाव जिभेला जड गेलं. "तू माझ्या खुर्चीत जाऊन डावा फोटो बघ. मग परत इथे येऊन हा खड्याचा."

ते हसतच गेले. परत येताना हसत नव्हते. खड्याच्या फोटोवर वाकून त्यांनी एकेक मणी पाहिला. मग त्यांनी पेला बाजूला सारला, टेलिफोन पुढे ओढला आणि उद्याचं भाषण रद्द करायला बाझेलचा नंबर फिरवला.

ती दारापाशी गेली. त्यांचं पुन्हा 'फ्रॉयलाइन काडुफ, तुम्ही' ऐकायची तिने तयारी केली.

"कुठे चाललीस?" रिसीव्हर कानाला धरून ते म्हणाले. "ती खिडकी लाव आधी. वाऱ्यात त्यांना माझं बोलणं ऐकू जायचं नाही. आणि बस इथे."

खिडकी लावता लावता उर्सिनाला रडू आलं.