डाव्या चाकाचा एक्सल

मित्रांनो, एक्सल म्हटलं की तुमच्यातले निम्मे जण डोकं खाजवतील, ठाऊक आहे मला. गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, स्टिअरिंगला मखमली कव्हर घालतात. एक्सलला कोण विचारतो? मी आपला दीड हात लांबीचा, बत्त्याएवढा जाड पोलादी दांडा. इंजिनची ताकद मागच्या डाव्या चाकापर्यंत पोचवायची, एवढंच माझं काम. माझ्या एका टोकाला सोळा दाते आहेत, ते गाडीच्या पोटातल्या मोठ्या गोळ्यात रुतून बसतात. दुसऱ्या टोकाला ताटली, तिला चाक. आता हा गोळा अगदी मधोमध नाही बरं का, जरा उजवीकडे सरकलेला आहे. म्हणून मी लांब आणि उजव्या चाकाचा माझा भाऊ चार बोटं आखूड. या चार बोटांनीच पुढे आम्हाला रडवलं.

भट्टीत लाल झालो, घणाखाली मार खाल्ला, तेलात बुडालो आणि गाडीत बसलो, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. मला घडवणारा कारखाना कधीच बंद पडला. पंचवटीतल्या गंगाधरगुरुजींनी ही गाडी जुनीच विकत घेतली. पूजेचं सामान, तांब्याचे कलश, केळीचे खुंट, काय काय म्हणून वाहिलं आम्ही! दर दसऱ्याला गुरुजी गाडीसमोर उभे राहून, देवासमोर हात जोडावेत तसे हात जोडत. मागच्या चाकालाही एक झेंडू मिळे. मला तेवढ्यानंही भरून यायचं.

गुरुजींची मुलगी सई. लहानपणी तापात तिच्या पायांतली ताकद गेली. ती मोठी झाली तेव्हा गॅरेजवाल्या कादरमिस्त्रींनी या गाडीला ब्रेक, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर हातांनी चालवायचे दांडे बसवून दिले. सईला लायसन्स मिळालं त्या दिवशी मिस्त्री तिच्यापेक्षा जास्त रडले. तेव्हापासून ती एकटी गाडी घेऊन नाशिकभर हिंडायची. पोरीच्या हातात काय सफाई होती म्हणून सांगू!

खरं तर सहा महिने मी कुरकुरत होतो. वळणावर कट्‌कट् आवाज करून सांगत होतो. गुरुजी म्हणायचे, "जुनी गाडी आहे, बोलायचीच." शेवटी एका शुक्रवारी इंदिरानगरच्या बोगद्यातून वर चढताना माझे अर्धे दाते झडले. इंजिन गरगरलं आणि गाडी जागच्या जागी उभी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण सोमवारी सईला नाशिकपासून दोन तासांवरच्या देवळा गावी शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायचं होतं. तिथं तळमजल्यावरची खोली ठरली होती, शाळा खोलीपासून दोन मैलांवर. "स्वतःची गाडी आहे म्हणून पाठवतोय," असं गुरुजींनी तिला बजावलं होतं. गाडी नाही, तर नोकरी नाही. दुसऱ्या गाडीला हातांचे दांडे लावून घ्यायचे तर महिने गेले असते.

कादरमिस्त्रींची नजर आता साखरेच्या आजारानं गेल्यातच जमा आहे, गॅरेज त्यांची मुलगी निलोफर चालवते. तिनं मला बाहेर काढलं आणि गोणपाटावर निजवलं. गुरुजींनी देवळ्याच्या मोतीरामला फोन लावला. मोतीराम जुन्या गाड्या मोडून त्यांचे भाग विकायचा. त्याच्याकडे आमच्याच जातीची एक गाडी मोडायला आली होती. शनिवारी दुपारी तो स्वतः एक्सल घेऊन हजर झाला.

"घ्या गुरुजी, लय मजबूत माल हाय. गंज म्हणून नाय कुठं."

निलोफरनं तो एक्सल माझ्या शेजारी ठेवला. काय सांगू मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच दुसरा एक्सल पाहत होतो! तिनं त्याच्या एका दात्यावर खडूची रेघ ओढली आणि काडीनं एकेक दाता मोजला. सोळा. मग माझे मोजले. जे झडले होते त्यांच्या नुसत्या हिरड्या उरल्या होत्या, तरी तिनं एकही सोडला नाही. सोळा! बेअरिंग बसतं तिथली जाडी मापली, केसाचाही फरक नाही. माझ्या ताटलीला ग्रीस फासून तिच्यावर वर्तमानपत्र दाबलं, भोकांचा ठसा उमटला, तो कागद त्याच्या ताटलीवर धरला. भोकावर भोक बरोब्बर! मी तर थक्क झालो. आम्हाला जोडीनं जन्माला घातलं असावं, असंच वाटलं.

"झालं तर मग," गुरुजी म्हणाले.

"थांबा गुरुजी," कादरमिस्त्री खाटेवरून उठले. चाचपडत आले, उकिडवे बसले आणि एक हात माझ्यावर, एक हात त्याच्यावर फिरवत गेले. टोकाशी येऊन थांबले. "या अल्ला! निलोफर, बेटा, हा आखूड आहे. चार बोटं. हा उजव्या चाकाचा आहे."

निलोफरनं टेप लावला. चार बोटं, ना कमी ना जास्त. तिनं कपाळाला हात लावला. "लांबी सगळ्यात आधी बघायची, अब्बा, आणि मी दातेच मोजत बसले!"

"पन फोनवर उजवाच सांगितला व्हता ना?" मोतीराम म्हणाला.

गुरुजी गाडीसमोर जाऊन उभे राहिले, दसऱ्याला उभे राहतात तसे. मोडलेल्या एक्सलचं चाक त्यांच्या उजव्या हाताला होतं. मोतीरामसारखे धंद्यातले लोक मात्र ड्रायव्हरच्या सीटवर बसून डावं-उजवं ठरवतात. गाडीकडे तोंड करणाऱ्याचं उजवं म्हणजे गाडीचं डावं!

"वेल्डिंगनं जोड देऊन लांब नाही का करता येणार?" गुरुजींनी विचारलं.

"नाही काका," निलोफर फटकन म्हणाली. "जोड दिलेला एक्सल उतारावर तुटला तर? आत सई असेल."

गुरुजींनी मान खाली घातली. आणि मित्रांनो, मी खाली पडलो होतो म्हणून मला त्यांचा चेहरा नीट दिसला. त्यावर दुःख नव्हतं. सुटका होती. सईलाही ती दिसली. चाकांच्या खुर्चीत बसून ती त्यांच्याकडे बघत होती.

"बाबा, बरं वाटलं ना तुम्हाला?"

मोतीराम उगाच आपली टोपी झटकू लागला.

"वाटलं," गुरुजी म्हणाले. "खोटं कशाला बोलू? क्षणभर वाटलं. तू इतक्या लांब, एकटी. रात्री काही झालं तर मी कुणाला हाक मारू, सई?"

"मला मारा की. मी फोन उचलीन."

बाप रे, त्या पोरीच्या बोलण्यानं माझ्यासारखं पोलाद वितळायला आलं! गुरुजींनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मोतीरामचा दंड धरला. "दुसऱ्या बाजूचा एक्सल अजून त्या गाडीत आहे का?"

"हाय, पन गॅसकटरवाला आज चारला गाडी कापाया येनार. पोरांना फोन लावतो, पन तिकडं कोनी उचलत नाय कामाच्या टायमाला."

"मग चल. मी येतो तुझ्याबरोबर."

गेले दोघं मोतीरामच्या टेम्पोतून. साडेसहाला गुरुजी परतले, धोतराला काळे डाग, आणि मांडीवर आडवा एक्सल! कटर त्या गाडीचा पत्रा कापत मागच्या चाकापर्यंत आला होता म्हणे. गुरुजी थेट मध्ये जाऊन उभे राहिले होते.

रविवारी सकाळी निलोफरनं आधी लांबी लावली. पुरी. मग दाते, जाडी, भोकं, सगळं नव्यानं तपासलं. "बिस्मिल्ला" म्हणून तिनं त्याला आत सरकवलं. दोन बोटं उरली असताना तो अडला. माझ्या जिवात जीव नव्हता! तिनं चाक हळूच फिरवलं, आणि खट्ट! सोळा दाते सोळा खाचांत बसले. चाळीस वर्षांपूर्वी कुण्या अनोळखी माणसांनी घडवलेला तुकडा, दुसऱ्याच गाडीत आयुष्य काढलेला, माझ्या जागी असा बसला! माणसाच्या हाताचं माप केवढं खरं असतं, मित्रांनो. मला हेवा वाटायला हवा होता, पण मी नुसता बघतच राहिलो.

म्हणून सांगतो, तुमच्या घरातली वस्तू कुरकुरली तर तिला जुनी म्हणून गप्प करू नका. जवळ जा, ऐका, हात लावून बघा. माणूस कुरकुरला तरी तेच करा.

सोमवारी पहाटे मी गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा होतो. गुरुजींनी आपली पिशवी पुढच्या सीटवर ठेवली होती. सईनं ती पाहिली, मग त्यांच्याकडे पाहिलं. मग गुरुजींनी स्वतःच ती काढून घेतली, दार लावलं आणि दोन पावलं मागे सरले. सईनं दांडा ओढला. मी जन्मभर त्या गाडीच्या पोटात होतो, ती चालते कशी हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ती निघाली, वळली, रस्त्याला लागली. अहाहा, किती सुंदर चालत होती ती!