फ्रीडामावशीची तिवई

मित्रांनो, मी तीन पायांची एक जुनी तिवई आहे. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर खेकड्यांचा एक कारखाना आहे, तिथे खेकडे वाहून आणणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या शेवटी, भिंतीला टेकून मी उभी असते. माझे लाकूड होडीचे. होडी बांधून उरलेल्या फळीतून अँब्रोज नावाच्या म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. कारखान्याची जमीन पाणी वाहून जावे म्हणून उतरती असते. तिच्यावर चार पाय डगमगतात, तीन डगमगत नाहीत. घसरू नये म्हणून त्याने जुन्या बुटांचे रबर कापून माझ्या पायांना बसवले.

"होड्या बांधणारा माणूस मी," तो आपल्या वहिनीला म्हणाला, "आता म्हाताऱ्यांची आसनं बांधतोय!"

"मग होडीच समज की," ती म्हणाली. "बुडू नये एवढं बघ."

ती फ्रीडामावशी. आमच्या गावात वडीलधाऱ्या बाईला सगळेच मावशी म्हणतात. तरुणपणी तिने नवऱ्याने धरलेले मासे चिरले, मिठात घातले, उन्हात वाळवले. पण मासे विकले जायचे ते नवऱ्याच्या नावावर. तिच्या नावाने पेन्शनमध्ये त्या वर्षांचे काहीच जमा झाले नाही. पुढे ती कारखान्यात लागली. हंगाम थोडा, मजुरी थोडी, म्हणून भरणाही थोडा.

आणि मग तिने ती चूक केली, जी आमच्या गावातले बहुतेक जण करतात. तिचा नवरा लिओ जन्मभर पेन्शनचे पैसे भरत राहिला आणि ते हातात पडण्याआधीच गेला. गावातली बहुतेक माणसे अशीच लवकर जात. म्हणून साठी गाठली की पेन्शन चालू करून टाकायची, असा रिवाजच पडला होता. लवकर घेतले की ते कायमचे कमी मिळते, हे सर्वांना ठाऊक असे. पण कायमचे म्हणजे किती, असे म्हणून माणसे हसत. फ्रीडामावशीनेही साठीलाच घेतले. मरणाची तिने पुरती तयारी केली होती. जगण्याची केली नव्हती. आणि देवाने तिला आयुष्य दिले.

सगळीकडून मिळून जे येई, ते हिवाळ्यात घर गरम ठेवायच्या तेलातच जळून जाई. म्हणून सत्तरी उलटल्यावरही ती पट्ट्यावर येत राहिली. गुडघे गेले, तेव्हा मी आले.

मित्रांनो, त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. शहरातून एक वार्ताहर आला. मावशीला माझ्यावर बसवून, हातात खेकड्याची नांगी देऊन त्याने फोटो काढला. 'काय ही जिद्द!' असे त्याखाली छापून आले. कारखान्याच्या साहेबांनी तो फोटो जेवणाच्या खोलीत लावला. मीही तेव्हा भोळी होते. मला अभिमान वाटला.

एका वसंतात युनियनचा जेरोम जेवणाच्या सुट्टीत उभा राहिला. प्रत्येक पगारातून पेन्शनसाठी थोडे जास्त कापू द्यावे, मालकानेही तेवढेच जास्त घालावे, अशी मागणी देशभर चालली होती. आमच्या कारखान्याचा माणूस युनियनच्या मोठ्या सभेत हो म्हणेल की नाही, ते ठरवायचे होते. आमच्याकडे मत हातमोज्याने देतात. हो असेल तर मोजा माझ्यावर ठेवायचा, नाही असेल तर भिंतीच्या खिळ्यांवर अडकवायचा.

"साठीपर्यंत जगलो तर ना!" शेन ओरडला. "आमच्या बाबांनी जन्मभर भरलं, अन् मिळालं काय? शवपेटी!"

सगळे हसले.

"मीपण हेच म्हणत होते रे शेन," मावशी हळूच म्हणाली. "आता बघ, मरतच नाहीये."



तिने पहिला मोजा माझ्यावर ठेवला. थंड, ओला, जड. शेजारी क्रिस्टा उभी होती. बाप्तिस्म्याच्या वेळी मावशीनेच तिला हातांवर धरले होते. आता क्रिस्टाला दोन मुले होती आणि नवरा कामासाठी दूर पश्चिमेला गेला होता.

"मावशी, यातलं तुला काही मिळणार नाहीये. जे पुढे भरतील त्यांनाच वाढीव. जेरोमच म्हणाला ना."

"म्हणून तर मोकळेपणी मागतेय गं. माझ्यासाठी असतं तर लाज वाटली असती."

"अन् मी देऊ कुठून? पोरगा गेल्या वर्षीचे बूट बोटं मुडपून घालतोय. म्हातारपणाचं मला सांगू नकोस, मला या शुक्रवारच्या पगारापर्यंत निभवायचंय."

"खरंय बाळा," मावशी म्हणाली. "तुझं खोटं नाहीच."

क्रिस्टाने मोजा बराच वेळ हातात धरला. मग मावशीकडे न बघता तो खिळ्याला लावला. खिळे भरून गेले होते. माझ्यावर थोडेच मोजे होते. मावशीने ते एकेक उचलून ज्याचे त्याला दिले आणि ती माझ्यावर बसली.

"चला, खेकडे काय आपली वाट बघत नाहीत."

ईस्टरच्या आधी चाळीस दिवस ती चहात दूध घालत नसे. ते तिचे व्रत. त्या वर्षी ईस्टर होऊन गेला, जून उजाडला, तरी तिचा चहा काळाच होता. व्रत कुठे संपले आणि ओढगस्त कुठे सुरू झाली, ते कोणी विचारले नाही.

त्याच जूनमध्ये एका दुपारी ती पोलादी टेबलावर कलली. चाकू नीट बाजूला ठेवलेला होता. डुलकी लागली, असे सर्वांना वाटले. क्रिस्टाने खांद्याला हात लावला आणि किंचाळली. तरीही पट्टा थांबायला वेळ लागला. मावशीच्या पुढ्यात नांग्यांचा ढीग साचत राहिला.

नंतर मला कोपऱ्यात ढकलले गेले. माझ्यावर धूळ बसली, कोणी पाण्याची नळी गुंडाळून ठेवली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली सुखाची वर्षे म्हणाल तर तीच.

देशभरची ती मागणी पुढे मान्य झाली, पगारातली पेन्शनची कपात वाढली खरी. पण तोवर क्रिस्टाची कितीतरी वर्षे थोड्याच भरण्यावर निघून गेली होती. परवा कोणीतरी ती नळी बाजूला केली. क्रिस्टाने मला ओढत पट्ट्यापाशी आणले आणि एक हात भिंतीला धरून ती खाली बसली. इतकी वर्षे नाकात गेलेल्या खेकड्यांच्या वाफेने तिची छाती घरघरत होती.

"काय क्रिस्टामावशी," एक नवी मुलगी म्हणाली, "तूही बसायला लागलीस? मजा आहे!"

"मजा कसली बाई. बसता येतं, घरी जाता येत नाही."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगत असतील, आमची निगा राखा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी तसे सांगणार नाही. तुमचे गुडघे शाबूत आहेत तोवर आपल्या म्हातारपणासाठी थोडे जास्त बाजूला पडू द्या, आणि ज्यांना आज ते झेपत नाही त्यांच्या पोरांच्या बुटांचेही बघा. मला मात्र खुशाल विसरा. माझ्यावर धूळ बसू द्या.

आत्ता क्रिस्टा माझ्यावर बसली आहे. तिचे वजन फ्रीडामावशीएवढेच आहे.