यू. पाटील

मस्कतहून लताबाईच्या नवऱ्याचा फोन आला आणि धुळ्यात देवपूरला तिच्या भावाच्या घरी कुणाच्या घशाखाली घास उतरेना. लताबाईचे दिवस भरत आले होते. रक्तदाब वाढला होता. मंगळवारी ऑपरेशन ठरले होते. आई हयात नव्हती. "आबांना पाठवा," एवढेच ती म्हणत होती.

आबा म्हणजे तिचे वडील. पिंपळनेरला राहणाऱ्या आबांचा पासपोर्ट, व्हिसा तयार होता. फक्त तिकीट राहिले होते. लताबाईचा भाऊ चुडामण धुळ्यात कारकून. तोच तिकीट काढायला गेला.

"प्रवाशाचं नाव?" तिकीटवाल्याने विचारले.

"उखर्डू सोनजी पाटील."

"उख... काय म्हणालात?"

बाकावर बसलेले दोघे फिदीफिदी हसले. चुडामणचे कान तापले.

"यू. पाटील लिहा. तेवढं पुरे," तो घाईने म्हणाला.

सोमवारी दुपारी चुडामण आबांना घेऊन मुंबईच्या विमानतळावर आला. काउंटरमागच्या बाईंनी तिकीट पाहिले, पासपोर्ट पाहिला आणि त्या थबकल्या.

"यू. पाटील तर मघाशीच आत गेले!"

त्या विमानाने जाणारे दुसरेच कुणी यू. पाटील होते. एकच नाव दोनदा आले असे समजून आबांची जागा रद्द झाली होती. वरिष्ठ साहेब आले.

"हे तिकीट तुमचंच कशावरून? पासपोर्टवर तर वेगळं नाव आहे."

जवळच बंदूकधारी शिपाई उभा होता. आबांना वाटले, आपल्याला पकडतात की काय! आणि तिकडे पोरीचे काय होईल?

"पूर्ण नाव का नाही दिलं?" साहेबांनी चुडामणला विचारले.

चुडामणला खोटे सुचेना.

"लाज वाटली, साहेब. लोक हसले."

आबांनी मान वर केली. चुडामणकडे वळून ते अहिराणीत बोलले.

"मन्हा आदुगर मायना चार पोरं मरी ग्यात, भाऊ. मी जगाले पाहिजे म्हनीसन तिनी माले उकिरडावर ठेवं नि हाई नाव दिधं. काळले वाटाले पाहिजे, हाऊ ते केरकचरा शे, याले काय लेवानं! बठ्ठं गाव माले याच नाववर वळखस. नि तू तेच कापी टाकं?"

चुडामणने सर्वांदेखत त्यांचे पाय धरले.

साहेबांनी धुळ्याच्या तिकीटवाल्याला फोन लावला, खात्री करून घेतली, नाव दुरुस्त केले. पण विमान गेले होते! पुढची जागा थेट बुधवारची होती.

मंगळवार त्या बापलेकांनी एका ओळखीच्या घरी टेलिफोनसमोर बसून काढला. घंटा वाजली की दोघेही उठून उभे राहत. संध्याकाळी जावयाचा आवाज आला. मुलगी झाली होती, लताबाई वाचली होती. शुद्धीवर येताच तिने विचारले होते, "आबा आले का?"

चुडामणच्या हातून फोन खाली पडला.

बुधवारी काउंटरवर बाईंनी नाव विचारले, तेव्हा रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असे तो म्हणाला,

"उखर्डू सोनजी पाटील. माझे वडील!"

वाचकहो, शिकून शहरात आलो की आपण पहिली कात्री लावतो ती आईबापांच्या नावांना. हसणारे दोन घटका हसतात आणि निघून जातात. त्यांच्या भीतीने आपल्या माणसाचे नाव कापू नका. कुणी विचारले, तर ते पूर्ण सांगा, मान ताठ ठेवून सांगा!