गिरणीशेजारची मशीनं

कर्नाटकातल्या आळंदच्या बाजारामागच्या गल्लीत धनराजचं तुरीच्या आडतीचं दुकान आहे. पाठीमागच्या खोलीत, जिथे पूर्वी रिकामी पोती पडायची, तिथे त्याने बिटकॉइनची दोन मशीनं बसवली होती. हैदराबादच्या एका माणसाकडून घेतलेली, जुनी. ती दिवसरात्र आकडेमोड करायची आणि त्या बदल्यात बिटकॉइनचा बारीकसा तुकडा धनराजच्या खात्यात जमा व्हायचा.

धनराजचा स्वभावच असा की मोटारसायकल हातात आली की अ‍ॅक्सिलरेटर शेवटपर्यंत पिळायचा. मशीनची गतीही त्याने कंपनीने दिलेल्या आकड्याच्याही वर चढवून ठेवली होती. पंखे असे बोंबलायचे की दुकानात गिऱ्हाइकाला भाव ओरडून सांगावा लागे. लाइनमन ईरण्णाने एकदा चहा पिता पिता सुचवलंही होतं, "लोड भाळ आग्याद, फार झालाय, धनराज. तुमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर केवढासा आहे!" धनराजने हसून दुसरा चहा मागवला.

दुकानाच्या भिंतीला लागूनच सुमनबाईंची पिठाची गिरणी. तरुणपणी त्यांनी स्वतः उभी केलेली आणि आजवर स्वतःच चालवलेली. यंदा मात्र गिरणी कण्हायला लागली. धान्य ओतलं की पट्टा घसरायचा, मोटर गुंगुं करत मंदावायची, पीठ जाडंभरडं पडायचं. बायका डबे घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीत जायला लागल्या.

"कामून असं करायलीय की," सुमनबाई एकदा दुकानाच्या पायरीवर टेकत म्हणाल्या. "मोटरची तार नवी भरून आणली, तरी तसंच. तिचं वय झालं, धनराज, आन माझंबी. पंचशीला म्हणतीय, आई, गुलबर्ग्याला ये आता. दिवाळी झाली की बंद करते."

"असं कसं, अक्का?" एवढंच धनराज बोलला. लेकीकडे जायचं म्हणताना त्यांचा चेहरा काही खुललेला नव्हता. पिठाने पांढरे झालेले हात त्या पदराला पुसत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी धूळ झाडायला म्हणून धनराजने दोन्ही मशीनं बंद केली. खोली गप्प झाली. त्याबरोबर भिंतीपलीकडच्या गिरणीचा आवाज बदलला. इतका वेळ धापा टाकणारी गिरणी एकदम सुरात आली, खणखणीत चालायला लागली. धनराज हातातला ब्रश तसाच धरून उभा राहिला. त्याने मशीनं चालू केली. पंखे चढले, गिरणी खाली बसली. पुन्हा बंद केली, गिरणी उठली. आणखी एकदा करून बघायचा धीर त्याला झाला नाही.

दुपारी जेवताना त्याने बायकोला, मंजुश्रीला, सगळं सांगितलं. "इकून टाकतो," तो म्हणाला.

त्या आवाजाला ती केव्हाची कंटाळलेली होती, पण म्हणाली, "इकायची कामून? कमी करायची सोय न्हाई व्हय त्यात?"

"गती कमी केली की कमाईबी कमी."

"किती कमी, ते बघितलंय का तुम्ही?"

बघितलं नव्हतं. त्याने लॅपटॉप उघडला, मंजुश्रीही ताट सारून शेजारी येऊन बसली. वाचता वाचता दोघांना कळलं की गती उतरवली म्हणजे मशीनला व्होल्टेजही कमी पुरतं, आणि दोन्ही उतरली की गती जितकी घटते त्यापेक्षा वीज किती तरी जास्त वाचते. धनराजला हुरूप आला. त्याने व्होल्टेज एकदम तळाला नेलं. मशीनमधला एक बोर्ड तिथेच मेला, पडद्यावर लाल अक्षरं आली.

मंजुश्रीला हसू आवरेना. "चढवतानाबी शेवटपर्यंत, उतरवतानाबी शेवटपर्यंत! जरा दमानं घ्या की."

मग दमानं घेतलं. मशीन पुन्हा सुरू करून गती थोडी खाली, व्होल्टेज थोडं खाली, मग थांबून चूक येते का बघायचं. आली की एक पायरी वर. मेलेला बोर्डही उठला. संध्याकाळपर्यंत दोन्ही मशीनं एका जागी स्थिरावली. काम तिसऱ्या हिश्श्याने घटलं होतं, वीज मात्र निम्म्यावर आली होती. पंख्यांची बोंब जाऊन नुसती घुर्रघुर्र उरली. आतल्या घरातून धनराजची आई, सोजराबाई, विचारत आल्या, "लाइट गेली का रं?"

भिंतीपलीकडे गिरणी चालू होती, नीट, न अडखळता.

धनराज लगेच तिकडे गेला आणि उभ्या उभ्याच बोलला, "अक्का, तुमच्या मोटरला काय झालेलं न्हाई. माझी मशीनं तिची वीज वढायलती. आता कमी केलीत."

सुमनबाईंनी गिरणीच्या तोंडाखालचं पीठ चिमटीत घेऊन चोळून पाहिलं. मऊ होतं. "आन मी उगंच म्हातारी होऊन बसलते व्हय!" त्या म्हणाल्या. थोडा राग आला असावा, पण तो बोटांतल्या पिठापुढे टिकला नाही. "चल, दाव तुझं मशीन."

खोलीत येऊन त्यांनी दोन्ही डब्यांभोवती एक फेरी मारली. "काय दळतंय हे?"

"आकडे, अक्का."

"आन पीठ कुठं पडतंय?"

धनराजने मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "लई बारीक दळतंय बाबा."

दिवाळी झाली. गिरणी बंद झाली नाही. पंचशीलाच चार दिवस माहेरी येऊन राहून गेली.

उन्हाळ्याच्या तोंडाला गल्लीत मोठा ट्रान्सफॉर्मर बसला. खांबावरून उतरून ईरण्णा दुकानात आला, "आता काय, चढव पाहिजे तेवढं."

धनराजने त्याच्यासाठी चहा सांगितला. बाहेर तुरीची गाडी लागली होती, शेतकरी पायरीवर बसून सोजराबाईंशी पावसापाण्याचं बोलत होता, आणि ते सगळं आतपर्यंत ऐकू येत होतं.

"ऱ्हाऊ दे," धनराज म्हणाला. "बरं चाललंय."